मंगळवारचा कागद

“मंगळवारचा कागद कुठं आहे?” मुजावर सरांनी विचारलं.

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ग्रामदैवताची शपथ घेऊन सांगतो, मी समोर उभा होतो.

समोर म्हणजे पार्टिशनच्या पलीकडे. पण पार्टिशन प्लायवूडचं, आणि त्याला एक भोक. त्या दिवशी मी रजेवर होतो असं कॉलेजचं हजेरीपुस्तक म्हणतं. हजेरीपुस्तकाचं काय घेऊन बसलात.

तर...

“काढून टाकला सर,” उपळेकर म्हणाला.

तन्मय उपळेकर. एम.टेक.चं दुसरं वर्ष, विषय वाहतूक अभियांत्रिकी. वर्गात पहिला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. परदेशातल्या एका विद्यापीठात त्याची पुढची जागा ठरलेली होती. इथला प्रबंध जमा झाला की सुटला. प्रबंधावर मुजावर सरांची सही हवी होती. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

प्रबंध शेलवण फाट्यावर होता. तिथं बायपासनं गाव मधोमध चिरलंय. एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला बेदाण्याच्या शेडी. वस्तीतल्या बायका रोज सकाळी चौपदरी रस्ता ओलांडून बेदाणा निवडायला जातात. प्रश्न साधा होता. चालणाऱ्या माणसांसाठी इथं भुयारी मार्ग हवा का?

एकशे चाळीस पानं, रंगीत आलेख, संगणकावर पळणाऱ्या इवल्या इवल्या गाड्या. उत्तर : गरज नाही.

मुजावर सरांना मुलं मागून फकीर म्हणत. पस्तीस वर्षं वाहतूक शिकवली, पण आयुष्यात सायकलसुद्धा घेतली नाही. अकरा किलोमीटर चालत कॉलेजला येत. एकदा त्यांनी नुसतं बघितलं आणि सोळा चाकी ट्रेलर जागच्या जागी थांबला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ट्रेलर पंक्चर होता, तो भाग वेगळा.

“का काढलास?”

“असामान्य दिवस होता सर. अपघात झाला. वाहतूक पाऊण तास ठप्प. मोजणी सर्वसाधारण दिवशी करायची असते. मी बुधवारी परत बसलो.”

“अपघातात कोण गेलं?”

“एक पादचारी.”

“नाव?”

“पेपरात आलं असेल सर. मी पाहिलं नाही.”

सरांनी प्रबंध उघडला, कोष्टकावर बोट फिरवलं. या लोकांच्या हिशेबात सगळ्या वाहनांच्या मोटारी करतात. ट्रक म्हणजे तीन मोटारी. बैलगाडी म्हणजे आठ. मोटारसायकल म्हणजे अर्धी.

“आणि माणूस?” सरांनी विचारलं.

“माणूस वेगळ्या कागदावर असतो सर.”

“तोच मागतोय.”

उपळेकरनं नाखुशीनं पिशवीतून एक घडी काढली. मंगळवारचा कागद. सर्वेक्षणाला बसतात तेव्हा माणसामागे एक उभी रेघ मारतात. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. उपळेकरनं मधल्या दुभाजकावर चुन्याची खूण केली होती. माणूस तिच्या पलीकडे गेला की रेघ.

आठ ते सव्वाआठ, नऊ. पुढच्या पंधरा मिनिटांत चौतीस. त्याच्या पुढच्यात अठ्ठावन्न. आणि मग पावणेनऊच्या रकान्यात तीन उभ्या रेघा. पुढं कागद कोरा.

“चौथी?”

“ती निघाली होती सर. पण खुणेपर्यंत पोचली नाही.”

“म्हणून मोजली नाहीस.”

“नियमच तसा आहे.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “नियम तसाच आहे.”

...

उपळेकरला वाटलं, झालं काम. त्यानं पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं.

सरांनी टोपण परत लावलं.

“उद्या सकाळी आठला फाट्यावर ये. स्टूल आण. सही तिथं करतो.”

आता इथं उपळेकर काय काय बोलला ते मी सांगत नाही. गुरूला शिष्यानं बोलू नये असं होतं. थोडक्यात सांगायचं तर, जी माणसं आयुष्यात गाडी चालवायला शिकली नाहीत त्यांच्याकडून रस्ता शिकायची वेळ आली, अशा अर्थाचं काहीतरी जिन्यात बोलला. सर जिन्यातच होते. दोन पायऱ्या खाली.

दुसऱ्या दिवशी मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाच डोक्यावर आलं होतं. उपळेकरनं शेडींच्या बाजूच्या चहाच्या टपरीशेजारी मोटारसायकल लावली. नंतर कॉलेजच्या ऑफिसात प्रबंध द्यायला जायचं म्हणून पांढरा शर्ट, फिकट पँट. सर आधीच येऊन उभे होते. चपलांवर धूळ, घोट्यापर्यंत चिखल. मे महिन्यात चिखल कुठून आला, हे त्यानं विचारलं नाही.

“बैस. मोज.”

“आता सर? एका दिवसाच्या मोजणीनं...”

“बैस.”

तो बसला. मांडीवर फळी, फळीवर कोरा कागद, हातात पेन्सिल. समोरून कांद्याचे ट्रक, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या, दुधाचे टेंपो, जीप. रस्ता श्वास घ्यायला थांबत नव्हता.

सव्वाआठ झाले... साडेआठ... पावणेनऊ... सव्वानऊ.

एक कुत्रं दुभाजकापर्यंत आलं आणि परत गेलं.

उपळेकर उठला. बऱ्याच दिवसांनी तो मनापासून हसला, असं टपरीवाला मला पुढं म्हणाला. टपरीवाला खोटं बोलत नाही. चहात पाणी घालतो, तेवढंच.

“शून्य, सर. बुधवारी निदान चौदा होते. आज एकही नाही. माझा निष्कर्ष पक्काच झाला. इथं रस्ता ओलांडायचाच नाहीये कुणाला.”

सरांनी मान हलवली. मग त्यांनी पाठीमागे बोट केलं.

पाठीमागे बेदाण्याची शेड. पत्र्याच्या सावलीत लांबलचक टेबलं, टेबलांना लागून बायका. कुणी दांडे काढतंय, कुणी काळे दाणे वेगळे करतंय. शंभरावर असतील. काम रंगात आलेलं. सगळ्या वस्तीतल्या.

उपळेकरनं रस्त्याकडे पाहिलं. शेडीकडे पाहिलं. हातातल्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं.

“या... कुठून आल्या?”

“स्टूल घे,” सर म्हणाले.

अर्धा किलोमीटर अलीकडं रस्त्याखाली मोरी आहे. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी जावं म्हणून घातलेली, तीन फुटांची. उरलेल्या दिवसांत तिच्यातून वस्तीचं सांडपाणी जातं, डुकरं जातात. सर कमरेत वाकले आणि आत शिरले. साठी ओलांडलेला माणूस. उपळेकर स्टूल डोक्याशी धरून मागोमाग.

वर रस्ता धडधडत होता. आत पाय टाकायला दगड मांडले होते. एका रेषेत, पावलापावलाच्या अंतरावर. कुणीतरी नीट विचार करून मांडलेले. दोन्ही भिंतींना बायकांच्या खांद्यांच्या उंचीवर, म्हणजे वाकलेल्या खांद्यांच्या उंचीवर, शेवाळ घासून गेलेलं होतं.

पलीकडं निघाले तेव्हा उपळेकरच्या फिकट पँटचा रंग सांगण्यासारखा राहिला नव्हता.

मोरीच्या तोंडाशी लिंबाखाली एक म्हातारी बसली होती. पारूबाई. गुडघ्याला फडकं बांधलेलं. सरांना तिनं ओळखलं असावं, कारण ती सरळ म्हणाली, “आलासा, मास्तर? ह्यो कोन?”

“माझा विद्यार्थी.”

पारूबाईनं उपळेकरला नीट बघितलं. मग तिचा चेहरा उजळला.

“आरं, तू छत्रीवाला न्हवं का?”

सर्वेक्षणाला बसताना छत्री लावतात. उपळेकरनं होय म्हटलं.

मग ती सांगू लागली. सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. शेवंता तिची धाकटी जाऊ. त्या मंगळवारी पुढं शेवंता होती आणि चार पावलं मागं ही. गुडघा होता म्हणून मागं, म्हणून आज इथं बसलीय. बुधवारी कामाला कोण जाणार? अख्खी वस्ती शेवंताच्या दारात होती. पाहुणी आलेली दहा-चौदा माणसं तेवढी रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेली असतील.



“आनि तू रस्त्याच्या कडंला छत्री लावून लिव्हत बसलेला,” पारूबाई म्हणाली. “समद्यांनी बघितलं. आमी म्हटलं, सरकारचा मानूस आला. शेवंताचं लिव्हून घ्यायला लागला.”

...

“तिच्या घरात चूल न्हवती पेटलेली. म्हनून शेजारनं चहा करून पाठीवला तुला. पितळंच्या तांब्यातनं. प्यालास न्हवं?”

उपळेकरला तो चहा आठवला. गुळाचा होता. त्याला वाटलं होतं, टपरीवरून आला. चांगला आहे, असंही तो म्हणाला होता.

“प्यालो,” तो म्हणाला.

“काय लिव्हलंस मग?”

उपळेकरनं सरांकडं पाहिलं. सर लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते, जणू तिथं काही लिहिलेलं आहे.

“पुढं पाठवणार आहे,” उपळेकर म्हणाला. खोटं नव्हतं ते. प्रबंध पुढंच जाणार होता.

“पाठीव,” पारूबाई म्हणाली. “मला मोरीत वाकवत न्हाई. माझं काम सुटलं. माझ्यागत आनि सात जनी हायत. वर रस्त्यावरनं आता कुनी जात न्हाई. पोरींना शपथ घातलीया.” आणि गुडघा धरून उठून ती वस्तीकडं गेली. दोघांसाठी चहा टाकायला.

चहा झाल्यावर सर तिथून रस्त्याच्या कडेनं चालत निघाले आणि टपरीच्या बरोबर समोर येऊन थांबले. मंगळवारी बायका जिथून रस्त्यावर उतरल्या ती जागा. दुभाजकावरची चुन्याची खूण अजून दिसत होती. पुसट, पण होती.

उपळेकरनं स्टूल ठेवलं. सर बसले.

उपळेकर बोलायला लागला. एकदा लागला की थांबेना. म्हणाला, मला काय माहीत होतं? वाहतूक बुधवारी सुरळीत होती. पुस्तकात सुतक कुठं लिहिलंय? आणि मी भुयारी मार्ग हवा म्हटलं असतं तरी कोण बांधणार होतं? कपाटातल्या दोनशे प्रबंधांपैकी किती रस्त्यावर उतरले, सर? एक तरी सांगा.

सर ऐकत होते.

मग म्हणाला, जागा जाईल माझी. वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. सहा महिने पुढं गेलं तर ते दार बंद. त्या बाईला तर मी मारलं नाही ना?

“नाही,” सर म्हणाले. “ट्रकनं मारलं.”

“मग?”

सरांनी डाव्या मांडीवर मंगळवारचा कागद ठेवला. उजव्या मांडीवर प्रबंध, सहीचं पान उघडून. पेन हातात धरलं.

“बोट ठेव. जिथं ठेवशील तिथं सही करतो.”

काय ते उपळेकरला कळलं. मंगळवारवर सही म्हणजे मोजणी पहिल्यापासून, मोरीच्या तोंडाशी बसून. सहा महिने. परदेश गेलं. प्रबंधावर सही म्हणजे आज पाचच्या आत ऑफिस, आणि शेलवण फाट्याला गरज नाही ती नाहीच.

“सर, तुम्हीच सांगा.”

“मी फक्त सही करणार.”

समोरून एक ट्रॉली गेली, मग दोन ट्रक. वाऱ्यानं मंगळवारचा कागद फडफडला. सरांनी तो धरला नाही. उपळेकरनं धरला.

आणि बोट तिथंच ठेवलं.

मंगळवारवर.

सरांनी सही केली. तो पोरगा सहा महिने मोरीच्या तोंडाशी बसला. वाकून जाणारी प्रत्येक बाई त्यानं लिहिली, आणि वाकता येत नाही म्हणून घरी बसलेल्या आठजणी वेगळ्या रकान्यात. असा रकाना देशात कुणी पाहिला नव्हता. परीक्षकांनी उभं राहून वाचला. आज शेलवण फाट्यावर भुयारी मार्ग आहे. दहा फूट उंच, आत दिवे, भिंतींवर द्राक्षांचे घड रंगवलेले. पारूबाई त्यातून ताठ मानेनं जाते, आणि मधोमध थांबून वरच्या रस्त्याची धडधड ऐकते...

इथपर्यंत आलं की ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. दरवेळी. मलाही वाटतं.

पण सुरुवातीला शपथ घेऊन बसलोय, आणि ग्रामदैवत जागृत आहे.

तर, भुयारी मार्ग मी बांधला. म्हणजे तोंडानं. शेलवण फाट्यावर काही नाही. मोरी आहे, तिच्यातले दगड आहेत. परवा गेलो तर एक दगड नवीन दिसला. द्राक्षांचे घड माझे, परीक्षकही माझेच. बाकी सगळं घडलं तसं सांगितलं. शेवंता खरी, गुळाचा चहा खरा, तीन रेघा खऱ्या. खोटं एवढंच, की ते बोट मी हलवलं.

उपळेकरचं बोट प्रबंधावर होतं.

कागद त्यानं धरला हे खरं. उडू नये म्हणून धरला. एका हातानं तो धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट उजव्या मांडीवर ठेवलं.

सरांनी शब्द पाळला. स्वच्छ अक्षरात सही केली, खाली तारीख घातली, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर मारली आणि प्रबंध त्याच्या हातात दिला.

उपळेकर पाया पडायला वाकला. सरांनी पाय मागं घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही.

अकरा वाजून गेले होते. ऑफिसला जायचं होतं, त्याआधी घरी जाऊन पँट बदलायची होती. मोटारसायकल समोर दिसत होती, टपरीजवळ, रस्त्याच्या पलीकडं. त्यानं मोरीच्या दिशेला पाहिलं. अर्धा किलोमीटर, आणि परत तो चिखल. मग त्यानं प्रबंध छातीशी धरला आणि डांबराच्या कडेला येऊन उभा राहिला.

ट्रक. जीप. ट्रक. दुधाचा टेंपो.

तो एक पाऊल पुढं गेला. मागं आला.

“सर... तुम्ही येताय ना?”

मुजावर सर स्टुलावरच होते. त्यांनी फळी मांडीवर घेतली. फळीवर मंगळवारचा कागद लावला. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि पावणेनऊच्या रकान्यात, तीन उभ्या रेघांच्या पुढं, टेकवून धरलं.

“जा,” ते म्हणाले. “मी मोजतो.”